सौरज्वाला आणि सौरलोट: बेळगावकराने कशाकडे अधिक लक्ष द्यावे?
सौरज्वाला, म्हणजे सूर्यावर अचानक होणारा किरणांचा उद्रेक, आणि सूर्याच्या प्रभामंडलातून (सर्वांत बाहेरच्या आवरणातून) सुटणारा प्लाझ्माचा, म्हणजे तप्त विद्युतभारित वायूचा, लोट, या दोहोंना आपल्याकडे सरसकट ‘सौरवादळ’ म्हटले जाते, हे मला खटकते. ज्वालेचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत पोहोचतात आणि फक्त दिवसाच्या बाजूचे आयनांबर, म्हणजे लघुलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ढवळतात. खानापुरात भरदुपारी लघुलहरींवर लावलेले केंद्र अशा वेळी एकाएकी बुडते आणि बहुधा तासाभरात परत ऐकू येते. लोटाला मात्र बहुतेकदा १ ते ३ दिवस लागतात, त्यामुळे पूर्वसूचना देता येते. लोट पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलवतो आणि त्यातून वीजवाहिन्यांत नको ते प्रवाह उमटतात; मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्यूबेक प्रांताची वीज सुमारे ९ तास गेली, ती अशाच लोटामुळे. बेळगाव ध्रुवांपासून दूर, १६ अंश उत्तर अक्षांशाजवळ असल्याने इथल्या वीजवाहिन्यांना तो धोका कमी. निपाणीच्या शिवारात जीपीएसने बांध मोजणाऱ्याने मात्र लोटाचीच अधिक दखल घ्यावी, कारण लोटाने आयनांबर ढवळले की त्यातून येणाऱ्या जीपीएस संकेतांची मोजणी चुकू शकते.