ट्रंपेटचा प्रॅक्टिस म्यूट: पाच महिने रोज वापरल्यावर

मी बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. लग्नसराईत चार-चार तास उभ्यानं फुंकायचं, म्हणजे सकाळी ओठ तापवून घेतल्याशिवाय भागत नाही. पण आम्ही राहतो चाळीत. सहाला पहिला सूर लावला की खालच्या काकूंची काठी छताला लागलीच! शेवटी दिवाळीनंतर अ‍ॅल्युमिनियमचा प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे ट्रंपेटच्या भोंग्यात बसवून आवाज दाबणारं बूच, मागवला, साडेबाराशेला.

आवाज खरंच मरतो. शेजारच्या खोलीत डास गुणगुणल्याएवढं ऐकू जातं. बायको कूससुद्धा बदलत नाही, आणखी काय पाहिजे?

माझा क्रम ठरलेला. आधी नुसता माउथपीस (ओठ लावून फुंकायचा तुकडा) घेऊन दोन मिनिटं ओठ थरथरवायचे. मग म्यूट लावून मधल्या जी (G) या सुरापासून लांब सूर, प्रत्येक आठ मोजेपर्यंत, अगदी हळू, अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली. जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ ट्रंपेट मांडीवर. हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यानंतर पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, न हलवता, नुसत्या ओठांवर आणि दमावर सूर बदलायचे.

लांब सुरांतच म्यूटची खोड कळते. तिन्ही पिस्टन दाबून सगळ्यात खालचा एफ शार्प लावला की तो खरखरतो, कधी फुटतच नाही. शिवाय सगळंच चढं वाजतं, सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा उजवीकडे पळतो. मी ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, थोडी बाहेर ओढतो. म्यूट काढल्यावर ती परत आत सारायची, हे एकदा विसरलो आणि वरातीत क्लॅरिनेटवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

दुसरं म्हणजे हवा अडते. आठवडाभर फक्त म्यूटवर वाजवलं तर मोकळ्या ट्रंपेटवरही माणूस कोंडून फुंकायला लागतो. म्हणून मी घरी वीस मिनिटंच करतो, बाकीचं बँडच्या गोडाऊनवर, उघड्या भोंग्यानं.

आणि हो, कोरडा म्यूट घसरतो. माझा पहिल्याच आठवड्यात पहाटे फरशीवर पडला, काठी तेव्हाही वाजलीच. आता भोंग्यात दोन गरम फुंका मारतो, आत वाफ धरली की म्यूट जरा पिळून बसवतो. मग हलत नाही.

कॉर्कची एक पट्टी तिसऱ्या महिन्यात सुटली. बुटाला लावतात त्या सोल्युशननं चिकटवली, अजून टिकून आहे. पाचपैकी साडेतीन.