मेल सर्व्हर घरी ठेवावा की भाड्याच्या यंत्रावर?

स्वतःच्या डोमेनची मेल स्वतः सांभाळायची ठरवलीत, की पहिला प्रश्न जागेचा येतो. माझा सल्ला असा, की येणारी मेल आणि जाणारी मेल यांचा विचार वेगवेगळा करा.

येणाऱ्या मेलला घर चांगलं. दुपारभर वीज गेली म्हणून पत्र हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर प्रोग्राम तर मूळ सेटिंगनुसार ५ दिवस. अट एकच, बाहेरून पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर) पोचता आलं पाहिजे. एमएक्स नोंदीत (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) दुसरा पोर्ट लिहिता येत नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (राउटरवर आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवण्याचा) उपयोग नाही.

जाणाऱ्या मेलला मात्र घरचं कनेक्शन खरंच जड जातं. घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या यादीत) असतात, तुम्ही एकही स्पॅम पाठवलेला नसला तरी. एसपीएफ (तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरच्या डिजिटल सहीची किल्ली) तुमच्या डीएनएसमध्ये तुम्ही लावाल, पण रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) इंटरनेट कंपनीच्या हातात. जीमेल फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रत्येक पाठवणाऱ्याकडून मागतं. नोकरीचा अर्ज गुपचूप स्पॅममध्ये पडला, तर तुम्हाला कळणारही नाही, आणि मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

भाड्याच्या व्हीपीएसवर (डेटा सेंटरमधल्या आभासी सर्व्हरवर) आयपी स्थिर असतो, रिव्हर्स डीएनएस बहुधा स्वतःच लावता येतो. तरी पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा: नव्या खात्याला बाहेर जाणारा पोर्ट २५ खुला मिळतो का, आणि मिळालेला आयपी आधीच्या भाडेकरूने बदनाम करून ठेवलेला नाही ना. शिवाय सगळा पत्रव्यवहार दुसऱ्याच्या डिस्कवर राहतो, हे मनाला पटायला हवं. देखभालीला वेळच नसेल, तर तयार मेलसेवा घ्या. त्यात कमीपणा नाही.

स्थिर आयपी आणि रिव्हर्स डीएनएस दोन्ही देणारा व्यावसायिक प्लॅन मिळाला, तर सगळंच घरी ठेवा. नाहीतर मी मेलपेट्या घरी ठेवेन आणि जाणारी मेल पोर्ट ५८७ वरून रिले सेवेकडे (आपल्यातर्फे मेल पुढे पोचवणाऱ्या सेवेकडे) देईन. एसपीएफमध्ये त्या सेवेचं नाव घालायला विसरू नका. सीजीनॅट असेल, तर येणारी मेल घ्यायला पुढे एक छोटा व्हीपीएस आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (कूटबद्ध व्हीपीएन जोडणी). आणि बॅकअप घराबाहेर ठेवाच. वीज परत येते, जळालेल्या डिस्कवरची पत्रं येत नाहीत.