गळका गिझर: कामाची पद्धत असलेला मेकॅनिक

आमचा गळका गिझर ज्यांनी दुरुस्त केला त्या मेकॅनिकच्या कामाला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

गिझर २५ लिटरचा, भिंतीवर टांगलेला. खालच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या कडेने थेंब पडायला लागले आणि हळूहळू त्याची धार झाली. त्याच झाकणाच्या आत थर्मोस्टॅट आणि वायरींची जोडणी असते, त्यामुळे मी आधी एमसीबी बंद केला, मग गिझरकडे जाणारा पाण्याचा कॉक. सासूबाईंना सांधेदुखीमुळे सकाळी गरम पाणी लागतंच. गॅसवर पातेली तापवून ती उचलून न्यायची, हे जास्त दिवस चालणार नव्हतं.

पहिल्यांदा एका सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. त्याने खालून वर बघितलं आणि सांगितलं, ‘टाकी गेली, नवा घ्या.’ झाकणाचा एक स्क्रूसुद्धा काढला नाही. टाकी खरंच गेली असेल तर नवा घेण्याशिवाय इलाज नसतो, हे मलाही मान्य आहे. आतला काचेसारखा मुलामा उडून पत्रा गंजला की डागडुजी टिकत नाही. पण उघडून न बघता हे सांगायचं कशाच्या जोरावर? मला त्याचा खूप राग आला.

दुसऱ्या मेकॅनिकनी फोनवरच विचारलं, ‘ताई, पाणी सतत गळतं की फक्त तापताना?’ त्यामागचं कारण त्यांनी नंतर समजावलं. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्क्याने फुगतं. म्हणजे २५ लिटरच्या टाकीत जवळपास पावणेचारशे मिली पाणी जास्तीचं होतं. त्याला मागे पाइपात जायला वाट नसेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं, आणि ते पडायलाच हवं. त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारणं म्हणजे जिवाशी खेळ. आमचं पाणी मात्र गिझर बंद असतानाही गळत होतं, म्हणजे दोष दुसरीकडे होता.

तो शोधण्याची त्यांची रीत मला फार आवडली. टेस्टर लावून वीज खरंच बंद आहे ना ते बघितलं, झाकण काढलं, आतला सगळा भाग फडक्याने कोरडा केला. मग टिश्यू पेपरच्या घड्या करून प्रत्येक जोडाला गुंडाळल्या: थंड पाण्याचा पाइप, गरम पाण्याचा पाइप, व्हॉल्व्ह, आणि पाणी तापवणारी कॉइल जिथे टाकीला बसते ती फ्लॅन्ज. कॉक उघडला आणि टॉर्च धरून आम्ही दोघंही बघत राहिलो. फ्लॅन्जपाशी कागदाचा एक कोपरा ओला झाला, बाकीचे कोरडेच. टाकी आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये फोम असतो. पाणी त्यातून कुठूनही कुठे जातं आणि सगळ्यात खालच्या फटीतून बाहेर येतं, म्हणून नुसतं खालून बघून काही कळत नाही.

मग कॉक पुन्हा बंद करून टाकी रिकामी केली. तेव्हा गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला, म्हणजे टाकीत हवा शिरून पाणी पूर्ण निघतं. फ्लॅन्ज काढली. गास्केट, म्हणजे जोडातून पाणी गळू नये म्हणून बसवलेलं रबर, दगडासारखं कडक होऊन चपटं झालेलं, कॉइलवर क्षारांचा पांढरा जाड थर, आणि ॲनोड रॉडची मधली तार तेवढी शिल्लक. हा मॅग्नेशियमचा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. तो संपला की गंज टाकीला लागतो. त्यांनी टाकीतला गाळ काढला आणि टॉर्च मारून मला आतून टाकी दाखवली. मुलामा शाबूत होता, गंजाचा डाग नाही.

नवीन कॉइल माझ्या गळ्यात मारणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी क्षार काढून मीटरने कॉइलचा रोध मोजला. २००० वॅटच्या कॉइलला २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम यायला हवेत, तेवढे आले. करंट बॉडीत उतरत नाही ना तेही तपासलं आणि जुनीच कॉइल परत बसवली. बदललं ते फक्त गास्केट आणि ॲनोड. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, म्हणजे गास्केट एका बाजूला दबत नाही. गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आल्यावरच वीज चालू केली, कारण पाण्याशिवाय कॉइल लगेच जळते. पाणी पूर्ण तापून थर्मोस्टॅट कट होईपर्यंत थांबले आणि पुन्हा प्रत्येक जोड चाचपला. जाताना तापमान ७५ वरून ६० वर आणून ठेवलं, म्हणजे क्षार कमी धरतात.

आता तो अर्धा. दिलेल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा आले आणि उशीर होतोय असा फोनही केला नाही. बिलावर नुसतं ‘गिझर रिपेअर’ लिहिलं होतं. मी म्हटल्यावर सुट्या भागांची नावं आणि कामाची गॅरंटी किती ते हाताने लिहून दिलं, पण हे मागावं लागू नये. उद्या पुन्हा काही झालं तर काय बदललं होतं हे कागदावर असायला हवं. जुने भाग मात्र न मागता माझ्या हातात दिले.

गिझर तेव्हापासून कोरडा आहे. ॲनोड किती झिजलाय ते बघायला वर्षाने यांनाच बोलावणार आहे, आणि निघायच्या आधी फोन करा असं सांगून ठेवलंय.