एसीसी आता द्यावी की एससीओपर्यंत थांबावं? सेवेतल्या जवानासाठी पीआयक्यू आणि स्ववर्णनाच्या अंगाने तुलना

बारावी करून भरती झालेला, पाच-सात वर्षं नोकरी केलेला, पंचविशी-सव्विशीतला जवान अधिकारी व्हायचं ठरवतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन दारं असतात. पहिलं आर्मी कॅडेट कॉलेजचं, म्हणजे एसीसीचं: वय 20 ते 27, किमान 2 वर्षं सेवा, बारावी पास. दुसरं स्पेशल कमिशन्ड ऑफिसरचं, म्हणजे एससीओचं: वय 28 ते 35, किमान 5 वर्षं सेवा. वयाचे पट्टे एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे बरेच जण 'आता अभ्यास होत नाही, पुढे एससीओ देऊ' म्हणून पहिलं दार सोडून देतात. हा निर्णय अभ्यासाच्या कंटाळ्यावर घेऊ नये. तो घ्यावा कागदावर काय लिहिता येणार आहे ते पाहून, कारण दोन्ही वाटा शेवटी त्याच एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात पोचतात आणि तिथे तोच पीआयक्यू, म्हणजे वैयक्तिक माहितीचा फॉर्म हातात येतो.

एसीसीची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे पदवी. देहरादूनला आयएमएतल्या (इंडियन मिलिटरी अकॅडमी) एसीसी विंगमध्ये 3 वर्षं, त्यात जेएनयूची बीए किंवा बीएस्सी, मग आयएमएचं 1 वर्ष. (1977 मध्ये देहरादूनला जाण्याआधी हे कॉलेज पुण्यात होतं.) कमिशन तरुणपणी मिळतं आणि पुढच्या बढत्यांना पुरेशी वर्षं हातात राहतात. किंमत मोजावी लागते ती चार वर्षांच्या प्रशिक्षणाची, शिवाय पुस्तकांशी पुन्हा जुळवून घेण्याची. एससीओचं प्रशिक्षण बरंच कमी काळाचं असतं. घरची जबाबदारी अंगावर असणाऱ्याला ते पेलतं. पण कमिशन तिशीच्या आसपास किंवा त्यानंतर मिळतं, त्यामुळे वरच्या हुद्द्यांपर्यंत पोचायला वेळ कमी उरतो. दहा वर्षं सेवा झालेल्या, वयाने मोठ्या जवानासाठी पीसी (एसएल), म्हणजे परमनंट कमिशन (स्पेशल लिस्ट), ही तिसरी वाट आहे, पण सव्विशीत तिचा विचार करायचं कारण नाही.

आता कागद. पीआयक्यू केंद्रावर पहिल्याच दिवशी हाताने भरावा लागतो. सर्वात जास्त काळ कुठे राहिलात, आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय, दहावीपासूनचे टक्के, एनसीसी, खेळ, छंद, जबाबदारीची पदं, आधीचे प्रयत्न, असे रकाने त्यात असतात. मुलाखत घेणारा अधिकारी बहुतेक प्रश्न यातूनच काढतो. एसीसीच्या वयात 'जबाबदारीची पदं' हा रकाना अनेकांचा कोरा राहतो, आणि तो कोरा राहायचं कारण नसतं. सेक्शनमध्ये टूआयसीचं, म्हणजे प्रमुखाच्या खालोखालचं काम केलंय, कंपनीच्या व्हॉलीबॉल टीमचे कॅप्टन होता, रिक्रूट असताना प्लाटून सीनियर होता, कोतमध्ये (शस्त्रागारात) हत्यारांचा हिशोब सांभाळला: हे सगळं लिहायचं, काळासकट. एससीओच्या उमेदवाराकडून इथे जास्त भरणा अपेक्षित असतो. आठ-दहा वर्षांच्या नोकरीनंतर फक्त 'नाईक, रायफल कंपनी' एवढंच दिसलं, तर समोरचा विचारणारच की मधल्या काळात काय केलं. लष्करी कोर्सचं नाव, वर्ष आणि ग्रेडिंग, एखाद्या डिटॅचमेंटचा (युनिटपासून वेगळ्या ठेवलेल्या तुकडीचा) ताबा, ट्रेनिंग टीममध्ये शिकवल्याचा अनुभव या गोष्टी तिथे वजन आणतात. म्हणूनच एससीओसाठी थांबायचंच असेल, तर थांबण्याची वर्षं कोर्ससाठी नाव देण्यात घालवा. नुसतं वय वाढल्याने फॉर्म भरत नाही.

खेळ आणि छंद या रकान्यांत दोन्हीकडचे उमेदवार सारखेच घसरतात. 'क्रिकेट, वाचन, पोहणे' या तीन शब्दांवर दहा प्रश्न निघतात. शेवटचं पुस्तक कोणतं, पोहायला कुठे शिकलात, शंभर मीटरला किती वेळ लागतो, याची उत्तरं तोंडावर नसतील तर तो शब्द लिहू नका. दोनच गोष्टी लिहा, पण कोणत्या पातळीवर ते सांगा: कंपनी, बटालियन की ब्रिगेड.

स्ववर्णनात दोन वाटांमधला फरक सगळ्यात जास्त उघडा पडतो. मानसशास्त्राच्या चाचण्यांत शेवटी 15 मिनिटं मिळतात आणि पाच परिच्छेद लिहायचे असतात: आईवडील, वरिष्ठ किंवा शिक्षक, मित्र-सहकारी यांचं तुमच्याबद्दलचं मत, तुमचं स्वतःचं मत, आणि पुढे कसं व्हायचंय. म्हणजे एकेका परिच्छेदाला तीनच मिनिटं, पाच-सहा ओळी. पाठ केलेला उतारा इथे लगेच ओळखू येतो. 'माझे वरिष्ठ मला मेहनती, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय समजतात' ही ओळ कोणाच्याही नावावर खपेल. त्याऐवजी असं लिहून पाहा: 'रेंजच्या दिवशी दारूगोळ्याचा हिशोब माझ्याकडे देतात, कारण रिकाम्या पुंगळ्या मोजल्याशिवाय मी पेटी बंद करत नाही. पण काम दुसऱ्यावर सोपवायला मला वेळ लागतो, असं प्लाटून कमांडर सांगतात.' यात गुण आहे, पुरावा आहे आणि कमतरताही आहे. एसीसीच्या उमेदवाराने कमतरतेनंतर ती भरून काढायला सध्या काय करतो हे लिहावं, कारण त्याच्यात घडण्याची तयारी किती आहे हे पाहायचं असतं. एससीओच्या उमेदवाराने आपल्या हाताखालच्या जवानांवर त्याचा काय परिणाम झाला हे लिहावं. 'कधीकधी फार जास्त काम करतो' असली सजवलेली कमतरता लिहू नका. मानसशास्त्रज्ञ, ग्रुप टास्क घेणारा अधिकारी आणि मुलाखतकार हे तिघेही तुम्हाला वेगवेगळे पाहतात, आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्समध्ये तिघांची मतं एका टेबलावर येतात. मैदानावर न दिसलेला गुण कागदावर टिकत नाही.

माझं मत विचाराल तर 27 च्या आत असाल आणि बारावीचं गणित-इंग्रजी अजून हाताशी असेल, तर एसीसी द्याच, एससीओ राखून ठेवा. एसीसीत नाही झालं तरी एसएसबीचा अनुभव पुढे कामी येतो. उलट, 26 पार झालेत, लेखी परीक्षेचा पाया कच्चा आहे आणि येत्या वर्षात चांगला कोर्स मिळतोय, तर कोर्स सोडून एसीसीच्या मागे धावू नका.

अर्ज युनिटमधून, सीओंच्या (कमांडिंग ऑफिसर) शिफारशीने जातो, त्यामुळे त्याआधी चार-पाच महिने ऑफिसमध्ये बसून शीट रोल, म्हणजे तुमच्या सेवेची नोंद पाहून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख आणि शीट रोलवरची तारीख एकच हवी. सेवेत असताना बारावी केली असेल तर तिची पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमध्ये नोंद करणारा युनिटचा आदेश) निघालेली हवी, नाहीतर रेकॉर्डमध्ये तुम्ही दहावी पासच राहता आणि अर्ज तिथेच अडतो. रेड इंक एंट्री (शिक्षेची नोंद) आणि मेडिकल कॅटेगरी हेही तेव्हाच तपासा. वय कोणत्या तारखेला मोजलं जातं ते त्या वेळच्या सूचनेत वाचा, परीक्षेच्या दिवशीचं वय धरून चालू नका. सराव म्हणून भरलेला पीआयक्यू क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची पद्धत पडली आहे. युनिटचं ठिकाण आणि तैनाती असलेला कागद कोणालाही पाठवू नका. केंद्रावर जे लिहिलंत ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये आधीच्या बोर्डाची माहिती विचारतात, तेव्हा तारखा आणि तपशील जुळायला हवेत.