शाईतला पक्षी: आधी गोंगबी की आधी शिएयी?

चिनी पद्धतीनं पक्षी रंगवायला शिकायचं ठरलं की कुंचल्याच्याही आधी कागदाचा प्रश्न येतो. या चित्रांसाठी वापरतात तो शुआन नावाचा चिनी कागद कच्चा मिळतो आणि पक्काही. पक्क्याला तुरटी आणि सरसाचं पाणी पाजलेलं असतं. त्यावर शाई जिथं टेकवावी तिथंच थांबते. कच्च्याला काहीच पाजलेलं नसतं. कुंचला टेकला की शाई टीपकागदावर धावावी तशी चहूकडे धावते. कोणता कागद घेतला यावरच तुम्ही कोणत्या घराण्यात शिरलात हे ठरतं. पक्क्या कागदावरची ती गोंगबी, म्हणजे निगुतीचा कुंचला. कच्च्यावरची ती शिएयी. ‘शिए’ म्हणजे लिहिणं. मनातला भाव लिहून काढणं, असा त्या नावाचा अर्थ.

नवशिक्याला बरेच जण सांगतात, शिएयीनं सुरुवात करा, दहा मिनिटांत चिमणी तयार होते. मला हा सल्ला पटत नाही. ती दहा मिनिटं हाताची झाली. त्याआधी डोळ्यांनी जे काम करून ठेवलेलं असतं, ते यात कुणी धरतच नाही. पंख खांद्यातून कुठं फुटतो, पाय पोटाच्या कोणत्या भागातून बाहेर येतो हे ठाऊक नसताना मारलेला फटकारा कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, मग तो कितीही झोकात मारलेला असो.

गोंगबीत हे ठाऊक करून घेण्यावाचून गत्यंतरच नसतं. आधी साध्या कागदावर पेन्सिलीनं आराखडा काढतात. त्यावर पक्का कागद अंथरला की खालची रेघ वर दिसते. मग बारीक, ताठ केसांच्या कुंचल्यानं शाईची रेघ ओढायची. (या कुंचल्याला चिनी भाषेत लांडग्याच्या केसांचा म्हणतात, पण केस असतात वीझल नावाच्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे.) रेघा झाल्या की एकाच हातात दोन कुंचले धरायचे: एकात पातळ शाई, दुसऱ्यात नुसतं पाणी. पिसाच्या कडेला शाईचा पट्टा द्यायचा आणि तो वाळायच्या आत पाण्याच्या कुंचल्यानं त्याची कड विरवत न्यायची. वाळू द्यायचं. पुन्हा तेच. ‘तीन वेळा तुरटी, नऊ वेळा रंग’ असं तिकडे म्हणतात. एकेक थर इतका पातळ असतो, की दिल्यावर काही बदललं असं वाटतच नाही. चौथ्या-पाचव्या थराला पीस एकदम उचलून येतं. शेवटी कुंचल्याचं टोक फाकवून, जवळजवळ कोरड्या रंगानं छातीवरची लव काढायची. एका पक्ष्याला काही आठवडे सहज लागतात आणि तेवढ्या काळात तो पक्षी पाठ होऊन जातो.

या घराण्याचा सर्वांत जुना धडा आजही बघायला मिळतो. दहाव्या शतकात शू राज्याच्या, म्हणजे आजच्या सिचुआनच्या दरबारात हुआंग छुआन हा चित्रकार होता. त्याचा रेशमावरचा एक लहानसा पट बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यावर पक्षी, किडे आणि दोन कासवं सुटीसुटी मांडली आहेत. ना फांदी, ना पार्श्वभूमी. कोपऱ्यात लिहिलं आहे की हे मुलाला, जुबाओला, गिरवण्यासाठी दिलं. हजार वर्षांपूर्वीचा कित्ताच तो.

गोंगबीची नजर किती काटेकोर असते ते सोंग सम्राट हुइझोंगच्या गोष्टीवरून कळतं. तो स्वतः पक्ष्यांचा चित्रकार होता. 1112 मध्ये राजवाड्याच्या दरवाजावर क्रौंच घिरट्या घालताना दिसले, त्याचं त्याच्या नावानं ओळखलं जाणारं चित्र आहे: 18 क्रौंच आकाशात, दोन छपराच्या टोकांवर. त्यानं एकदा दरबारी चित्रकारांना उंचवट्यावर चढणारा मोर काढायला सांगितला. सगळ्यांचे मोर झळझळीत, पण उजवा पाय उचललेले. सम्राट म्हणाला, चुकलं. काय चुकलं ते कुणालाच कळेना. काही दिवसांनी त्यानंच सांगितलं, की मोर चढताना आधी डावा पाय उचलतो. ही गोष्ट बाराव्या शतकातल्या एका ग्रंथात नोंदलेली आहे. मोर खरंच दर वेळी तसं करतो का, ते पक्षी बघणाऱ्यांनी तपासावं. मला त्यातला आग्रह मोलाचा वाटतो.

आता शिएयी. समजा, साळुंकीच्या जातीचा तुरेवाला पक्षी काढायचा आहे. चीनमध्ये तो फार आवडीनं काढतात. मऊ, बकरीच्या केसांचा कुंचला पाण्यात भिजवून निथळायचा, पोटात फिकट शाई घ्यायची, टोकाला गडद. आधी चोच आणि डोळा. मग कुंचला आडवा करून दाबायचा, की पाठ एका दाबात उतरते आणि गडद-फिकट दोन्ही छटा त्याच फटकाऱ्यात येतात. पंखाला तीन-चार फटकारे, शेपटीला दोन, छातीला ओलसर फिकट डाग, पायांना कोरडी, ताठ रेघ. झालं. पण प्रत्येक फटकाऱ्यात किती पाणी आहे ते हाताला समजायला हवं. जास्त झालं तर पंखाची कड पोटात मिसळते, कमी झालं तर कागद कुंचला अडवतो. वरून पुन्हा हात फिरवला तर तो सांधा वाळल्यावरही दिसत राहतो. म्हणून इथं दुरुस्ती नसते. कागद बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा.

या वाटेवरचा माझा सर्वांत जवळचा चित्रकार बादा शानरेन. 1626 मध्ये मिंग राजघराण्यात जन्मलेला. 1644 मध्ये बीजिंग पडलं, सत्ता गेली, आणि तो पुढं बौद्ध भिक्षू झाला. त्याचे पक्षी एका पायावर, अंग आक्रसून बसलेले असतात. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं, खाली सगळं पांढरं. मोकळ्या कागदावर एवढा एकच पक्षी. हातावर मोजता येतील इतक्या फटकाऱ्यांत एका माणसाचा सगळा दुखावा तिथं बसलेला आहे. नऊ थर देऊन हे साधलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा निवड कशी करायची? पहिली गोष्ट वेळेची, आणि ती लोक उलटी समजतात. ज्यांना रोज तुटक वीस मिनिटंच मिळतात त्यांना गोंगबी सोयीची. एक थर द्या, उठा, स्वयंपाकाला लागा. चित्र तुमची वाट बघतं. शिएयीला सलग, कुणी हाक न मारणारा तास लागतो. गंध उगाळावं तशी सहाणेवर शाईची कांडी उगाळण्यापासूनच मन तिथं असावं लागतं.

दुसरी गोष्ट डोळे आणि हात. साठीनंतर केसाएवढी रेघ ओढणं अनेकांना जड जातं. शिएयीचा हात खांद्यापासून हलतो, तो साधतो. बोरूनं देवनागरी गिरवलेल्यांना तर कुंचला दाबणं-उचलणं फार परकं वाटणार नाही.

खर्चाचं थोडक्यात. शिएयी एक कांडी, एक सहाण आणि एका कुंचल्यावर सुरू होते, पण कागद रिमांनी लागतो. गोंगबीत कागद थोडा, कुंचले जास्त आणि रंग महाग: निळ्यासाठी अॅझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट, लालसाठी हिंगूळ, असे दगडांचे रंग. हिंगुळात पारा असतो. घरात लहान मुलं असतील तर तो आणूच नका. खरा शुआन अनहुई प्रांतातल्या चिंग परगण्यात छिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. त्या नावानं विकला जाणारा प्रत्येक कागद तसा नसतो. आणि पक्का कागद साठवून ठेवू नका. जुना झाला की तुरटीची पकड सुटते, मधेच कुठंतरी शाई झिरपते आणि तीन आठवड्यांच्या कामावर डाग पडतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यापूर्वी जास्तीचा आणूच नये. कच्चा कागद मात्र जुना झाला की मवाळ होतो, जाणकार तो मुद्दाम मुरवतात.

माझा सल्ला असा. तुम्ही रानात बसून पक्ष्यांची रेखाटनं करत असाल, पक्षी उडताना नुसत्या आकारावरून ओळखत असाल, तर सरळ कच्चा कागद घ्या. बाकी सगळ्यांनी पहिले तीन महिने पक्क्या कागदावर फक्त शाईची रेघ करावी, रंग नाही. चिमणीच घ्या, चीनमध्येही नवशिक्याला बहुधा तीच देतात आणि आपल्याकडे ती खिडकीत येते. 1701 मध्ये छापलेल्या चित्रशिक्षणाच्या एका चिनी पुस्तकात युक्ती दिली आहे: पक्षी अंड्यातून येतो, म्हणून आधी अंड्याचा आकार काढा, त्याला डोकं आणि शेपूट जोडा, मग पंख, मग पाय. चिमणी पाठ झाली की कच्चा कागद उघडा.

दोन्ही वाटा सोडवत नसतील तर छी बाईशी (1864–1957) बघा. हुनानमधला हा सुतार. त्याची पानं आणि फांद्या रुंद, ओल्या फटकाऱ्यांच्या, आणि त्याच कागदावर बसलेल्या चतुराच्या पंखातली शीर न् शीर गोंगबीनं काढलेली. डोळे साथ देत होते तोवर त्यानं असे किडे आधीच काढून ठेवले होते, पानं आणि फुलं पुढं कधीतरी घालायची म्हणून. त्याच्यामागे त्यातले काही कागद तसेच राहिले: कोपऱ्यात एक किडा, आणि बाकी सगळी जागा कोरी.