दाखवून द्यावं की शोधू द्यावं?

२०११ साली अमेरिकेत ४-५ वर्षांच्या मुलांवर झालेला एक प्रयोग. खेळण्यात चार गमती दडलेल्या: नळी ओढली की चीं-चीं आवाज, शिवाय दिवा, सूर आणि आरसा. काहींना मुद्दाम नळी ओढून दाखवली, ‘बघ, हे असं चालतं.’ ती मुलं बहुतेक तेवढंच करत बसली. ज्यांच्यासमोर आवाज जणू चुकून निघाला, त्यांनी खेळणं उलटंपालटं करून जास्त गमती शोधल्या.

म्हणजे नुसतं खेळू द्यावं? थांबा. २०१३च्या दुसऱ्या प्रयोगात विषय होता त्रिकोण-चौकोन. आपापली खेळलेली मुलं मागे राहिली. मोठ्यांचं ऐकून शिकलेली मुलं लांबुडका, तिरका त्रिकोण दिसला की अडायची. मोठ्यांसोबत आकारांचं ‘गुपित’ हुडकणारी सरस ठरली. मला हाच मार्ग पटतो, फक्त शाळेतल्या बाईंना उत्तर सांगायची घाई आवरायला हवी.