झुलिप हे ग्रुप चॅटचं ॲप आठ महिने वापरून झालं, आमच्या मॅपिंग ग्रुपचा अनुभव

आम्ही दहा-बारा जण, बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे, रविवारी गाड्या काढून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येईल अशा खुल्या नकाशावर, वाड्या, पाणंदी, ओढे टाकत फिरतो. आधी सगळं व्हॉट्सॲपवर. जांबोटीकडचा रस्ता कोण बघतंय विचारलं की त्यावर तीन गुड मॉर्निंग, एक वाढदिवस, कुणीतरी कुंद्याचा फोटो, झालं, प्रश्न गेला वाहून. नंदगडजवळची एक वाडी दोघांनी वेगवेगळी जाऊन मॅप केली तेव्हा म्हटलं आता पुरे.

मधे दुसरं एक ॲप बघितलं, नाव घेत नाही. फोन बदलला की जुने मेसेज कुलूपबंद आन किल्ली कुणाकडंच नाही.

झुलिपमधे चॅनेल असतंय आन त्याच्या आत प्रत्येक विषयाचा वेगळा टॉपिक. आम्ही तालुक्याला चॅनेल केलं, गावाला टॉपिक. पावसाळ्यात कणकुंबीकडं कोण फिरकत नाही, चार महिने टॉपिक गप्प, खरं ऑक्टोबरात उघडला तर कुठला ओढा राहिलाय, कुठली पायवाट अर्धी सोडलीय, सगळं जिथल्या तिथं. काम संपलं की टॉपिक रिझॉल्व्ह करायचा, नावाला टिकमार्क लागतो. चुकीच्या जागचा मेसेज उचलून दुसरीकडं नेता येतो हे बाकी लई कामाचं, कारण आमचे रिटायर्ड सर्वेअर काका काय बी असू दे, कणकुंबीतच लिहितात. "काका, हे निपाणीचं हाय ओ." "असू दे की रे, तू हलीव."

आन नावांचं भांडण. आमच्याकडं पाटीवर एक, गावातल्यांच्या तोंडात दुसरं. नकाशात मराठी आणि कन्नड नावाला वेगवेगळे टॅग, म्हणजे माहिती भरायचे रकाने, आहेत, ते दोन्ही भरायचे यावर वाद नाही, खरं मुख्य नेम टॅगात काय घालायचं? त्याला वेगळा टॉपिक काढून दिलाय. तो अजून रिझॉल्व्ह झालेला नाही, होईल असंही वाटत नाही, निदान बाकीची कामं त्यात बुडत नाहीत.

झुलिपच्याच सर्व्हरवरच्या फुकट क्लाउड प्लॅनमधे शेवटचे 10,000 मेसेजच शोधता येतात, ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं काम करणाऱ्या ग्रुपनं अर्ज केला तर मोठा प्लॅन मोफत मिळतो, तो आधीच करून टाका. 2015 पासून कोड खुला आहे म्हणून एकजण घरीच सर्व्हर लावतो म्हणत होता, खरं लाईट गेली की ग्रुप गेला, नको म्हटलं.

पाचातले चार देतो. एक कापला तो आमच्याच सवयींसाठी, रोज उघडणारे सहाच. रविवारी संभाजी चौकात सकाळी सहाला जमायचं हे अजून व्हॉट्सॲपवर टाकावं लागतंय, आन काका त्याला "येतो" म्हणून झुलिपवर कळवतात. कणकुंबीत.